परदेशांतील समारंभाचें चित्रण

रँग्लर रघुनाथराव परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लरचा मान मिळवून १९०१ सालीं मुंबईस परतले, तेव्हां चौपाटीवर त्यांचें मोठ्या थाटानें स्वागत झालें. त्या प्रसंगीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे विलायतेहून मागविलेला कॅमेरा घेऊन हजर होते व त्यांनीं तो सोहळा हलत्या चित्रांत टिपून ठेवला. मराठी माणसानें केलेल्या समारंभाच्या चित्रणांपैकीं हें अगदीं आरंभींचें चित्रण होय. सावेदादांचा कॅमेरा परदेशचा होता. पण समारंभ स्वतःच्या गांवचा होता. ऊन कोणत्या बाजूनें येतें, गर्दी कोठें दाटते, कोणाला हातानें जरा बाजूस सरा म्हणतां येईल, हें मुंबईच्या माणसाला निराळें सांगावें लागत नाहीं.

आज स्थिति नेमकी उलट झाली आहे. कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशांत आहे; समारंभ मात्र हॅनोव्हरला, दुबईला, सिंगापूरला किंवा सॅन होजेला असतो. तेथील दिवे निराळे, कायदे निराळे, माणसें अनोळखी; आणि समारंभ तर एकदांच होणार. म्हणून परदेशीं चित्रण करवून घ्यावयाचें असेल तर तें कोणाकडून व कोणत्या बोलीवर, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षां पुष्कळ मोठा आहे.

एक उदाहरण घेऊं. जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं १९४७ पासून औद्योगिक प्रदर्शन भरत आलें आहे. २०१५ सालीं भारत हा त्या प्रदर्शनाचा भागीदार देश होता. पुणें आणि पिंपरी-चिंचवड या पट्ट्यांतील यंत्रनिर्मात्यांना तें नांव चांगलें परिचित आहे. समजा, भोसरीचा एक मध्यम प्रतीचा कारखानदार आपले पंप घेऊन तेथें स्टॉल मांडतो. जागेचें भाडें, यंत्रें पाठविण्याचा खर्च, चौघांचीं तिकिटें, राहणें, जेवणखाण, असें करतां करतां वर्षभर जपून ठेवलेली रक्कम चार-पांच दिवसांत संपते. प्रदर्शन उठलें कीं हातीं काय उरतें? भेटीस आलेल्यांचीं कार्डें आणि चित्रण. हें चित्रण पुढें वर्षभर गिऱ्हाइकांना दाखवावयाचें, बँकेच्या साहेबांना दाखवावयाचें, कारखान्यांतील कामगारांनाही दाखवावयाचें, कारण त्यांनीं घडविलेलें यंत्र परक्या देशांत कसें दिसलें हें पाहण्याचा पहिला हक्क त्यांचा. तें बिघडलें तर स्टॉल पुन्हां उभारतां येत नाहीं.

अशा वेळीं घरांत पहिली सूचना येते ती भाच्याची. भाच्याजवळ चांगला कॅमेरा असतो, त्यानें दोन-तीन लग्नांचें शूटिंग केलेलें असतें, आणि त्याला जर्मनी पाहावयाचीच असते! मुलगा हुशार असेल, याबद्दल वाद नाहीं. पण तो विमानतळावर पोंचतो तेथपासूनच अडचणी सुरू होतात. प्रवासी व्हिसावर जाऊन मेहनताना घेऊन काम करणें बहुतेक देशांत नियमाबाहेरचें आहे. आणि व्यापारी व्हिसांत सभेला बसणें व सौदा करणें बसलें, तरी कॅमेरा चालविण्याचें काम बसतेंच असें नाहीं. त्याचा खुलासा त्या त्या देशाच्या वकिलातीकडून आधींच करून घ्यावा लागतो.

मग सामानाची गोष्ट. धंद्याचा कॅमेरा, भिंगें, दिवे घेऊन दुसऱ्या देशांत शिरतांना तो माल विकण्यासाठीं आणला नाहीं, परत जाणार आहे, हें कस्टम खात्याला पटवावें लागतें. यासाठीं 'ए.टी.ए. कार्ने' नांवाचें एक पुस्तकवजा अनुमतिपत्र असतें. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें तें निघालें. त्याच्या नांवांतील अक्षरें 'तात्पुरता प्रवेश' या अर्थाच्या फ्रेंच आणि इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांची मिसळ आहेत. भारतांत हें पत्र फिक्की ही व्यापारी मंडळांची संस्था देते. त्याची मुदत अधिकांत अधिक एक वर्षाची. त्यांत प्रत्येक वस्तूचा क्रमांक व किंमत लिहावी लागते, रकमेची हमी द्यावी लागते, आणि प्रत्येक सरहद्दीवर आंत जातांना व बाहेर पडतांना शिक्का घ्यावा लागतो. बाहेर पडतांनाचा शिक्का घाईंत राहून गेला, तर तो माल त्या देशांतच राहिला असें समजून पुढें जकातीची मागणी येऊं शकते. विजेऱ्यांचें म्हणाल तर लिथियमच्या सुट्या विजेऱ्या विमानाच्या पोटांत टाकावयाच्या सामानांत घालतां येत नाहींत. त्या हातांतच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या विजेरीला सहसा हरकत नसते. १०० ते १६० पर्यंतच्या विजेरीला विमान कंपनीची संमति लागते व अशा सुट्या विजेऱ्या माणशीं दोनच चालतात. त्याहून मोठी विजेरी प्रवाशाला बरोबर नेतां येत नाहीं.

हें सर्व करून भाचा पोंचला, तरी त्या सभागृहाचा व्यवस्थापक, तेथील वीजवाला, तेथील पहारेकरी यांची भाषा त्याला येत नाहीं. तेव्हां दोन-तीन दिवसांच्या कामासाठीं तेथीलच व्हिडिओग्राफर नेमावा, हेंच बहुधा शहाणपणाचें ठरतें. मात्र एक अपवाद जरूर ठेवावा. पंपांत विशेष काय आहे, मालकांच्या भाषणांतील कोणतें वाक्य महत्त्वाचें आहे, हें परक्या चित्रणकाराला कळणार नाहीं. म्हणून कारखान्यांतील एक जाणता माणूस तेथें सबंध वेळ त्याच्या बाजूस उभा पाहिजे, आणि त्या माणसाकडे दुसरें कोणतेंही काम असतां कामा नये. कॅमेरा तेथील असावा, नजर घरची असावी.

चित्रणकार निवडावा कसा? बहुतेक जण दोन मिनिटांची एक झलक पाठवितात. तींत सूर्योदय असतो, गगनचुंबी इमारती असतात, ठेका धरणारें संगीत असतें. त्या झलकेवरून फार तर एवढेंच समजतें कीं त्या माणसाच्या दहा वर्षांच्या कामांत दोन चांगलीं मिनिटें निघालीं. त्यापेक्षां त्याच्याकडून एखाद्या सभेचें पूर्ण, न कापलेलें दहा मिनिटांचें चित्रण मागावें. वक्ता व्यासपीठावर फिरूं लागला तेव्हां कॅमेरा त्याच्या मागें शांतपणें गेला कीं धडपडत गेला, टाळ्या वाजल्या तेव्हां आवाज फाटला कीं नाहीं, मागील पडद्यावरचीं अक्षरें वाचतां येतात कीं पांढरा डागच दिसतो, हें त्यांत कळतें. मध्यस्थ कंपनीमार्फत माणूस घ्यावयाचा असेल तर कंपनीची झलक पाहून भागत नाहीं. प्रत्यक्ष येणाऱ्या माणसाचें नांव व त्याचें काम विचारावें. आणि त्याचा सार्वजनिक दायित्वाचा विमा आहे कीं नाहीं हेंही विचारावें. दिव्याची घोडी पडून कोणास दुखापत झाली तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न कित्येक सभागृहांचे व्यवस्थापक दारांतच विचारतात व विम्याचा कागद दाखविल्यावांचून आंत सोडीत नाहींत.

आतां दिव्यांविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण पुष्कळ चित्रणें येथें बिघडतात आणि तीं कां बिघडलीं हें मागाहूनही कोणास उमगत नाहीं. घरांतील विजेचा प्रवाह एकाच दिशेनें वाहत नाहीं. भारतांत व युरोपांत तो सेकंदाला ५० आवर्तनें घेतो. अमेरिकेंत ६० घेतो. प्रत्येक आवर्तनांत दिव्याला दोनदां जोर चढतो. म्हणून आपल्याकडील कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळां, व अमेरिकेंतील १२० वेळां, उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला हें जाणवत नाहीं, कॅमेऱ्याला जाणवतें. कॅमेऱ्याचें शटर प्रत्येक चित्रासाठीं सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकें उघडें राहिलें, तर आपल्याकडच्या दिव्यांचे बरोबर दोन हेलकावे त्यांत सापडतात आणि प्रत्येक चित्र सारखेंच उजळ येतें. तोच कॅमेरा तसाच अमेरिकेंत नेला, तर त्याच वेळांत सुमारे अडीच हेलकावे येतात. कांहीं चित्रांत प्रकाश थोडा अधिक, कांहींत थोडा उणा. मग पडद्यावर उजेड लुकलुकतो, किंवा काळे पट्टे वरून खालीं सरकतांना दिसतात. उपाय सोपा आहे. अमेरिकेंत शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर ठेवावें. पण तो उपाय आधीं ठाऊक असावा लागतो.

जपानांत तर एकाच देशांत दोन रीती आहेत. टोकियोनें १८९५ च्या सुमारास विजेचीं यंत्रें जर्मनीहून घेतलीं, तीं ५० आवर्तनांचीं होतीं. ओसाकानें अमेरिकेहून घेतलीं, तीं ६० चीं. त्या दोन खरेद्यांची खूण सव्वाशे वर्षें टिकून आहे, व पूर्व जपान आणि पश्चिम जपान यांच्यांतील ही सीमा फुजी नदीच्या आसपास येते. सकाळीं टोकियोंत सभा व दुसऱ्या दिवशीं ओसाकांत कारखाना-भेट असा कार्यक्रम असेल, तर मधल्या आगगाडीच्या प्रवासांत कॅमेऱ्याची मांडणी बदलावी लागते. स्थानिक चित्रणकाराला हें सांगावें लागत नाहीं. भाच्याला सांगावें लागतें, आणि बहुधा सांगणारा कोणी नसतो.

याच्याशीं निगडित दुसरी गोष्ट चित्रांच्या संख्येची. आपल्याकडे व युरोपांत दूरचित्रवाणीच्या परंपरेप्रमाणें सेकंदाला २५ चित्रें घेतात. अमेरिकेंत व जपानांत जवळजवळ ३०. पुण्यांतील संकलक २५ चा हिशेब धरून बसला आहे आणि अमेरिकेंतून ३० चें चित्रण आलें, कीं तें बदलतांना चालणारा माणूस किंचित् अडखळल्यासारखा दिसतो. ही संख्या कोणती ठेवावयाची, हें चित्रणकार व संकलक यांनीं काम सुरू होण्यापूर्वींच एकमेकांना लिहून कळवावें. पुण्यांत पंपाचें चित्रण २५ चें झालें असेल तर अमेरिकेंतील भागही २५ नेंच घ्यावा व शटर मात्र साठाव्या भागावर ठेवावें. दोन्ही गोष्टी एकत्र करतां येतात.

आवाजाचें महत्त्व चित्राहून तसूभरही कमी नाहीं. किंबहुना चित्र थोडें अंधुक असलें तरी लोक पाहतात. आवाज घुमूं लागला कीं उठून जातात. प्रदर्शनाच्या दालनांत सर्व बाजूंनीं यंत्रें घरघरत असतात. तेथें कॅमेऱ्यावरचा माईक निरुपयोगी ठरतो. बोलणाऱ्याच्या कॉलरला लहान माईक लावावा, सभागृहांत असाल तर ध्वनियोजकाच्या मिक्सरमधून थेट आवाज घ्यावा, आणि त्याखेरीज एक स्वतंत्र ध्वनिमुद्रक चालू ठेवावा. बिनतारी माईक इकडून नेण्याचा मोह टाळावा. प्रत्येक देशानें आकाशांतील लहरींची वांटणी आपापल्या सोयीनें केलेली आहे. अमेरिकेंत ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग भ्रमणध्वनीसाठीं विकला गेला व जुलै २०२० पासून त्या भागांत बिनतारी माईक वापरणें बेकायदा झालें. तेथें भाड्यानें मिळणारा माईक तेथील नियमांत बसणारा असतो, एवढें एक कारणही तो घेण्यास पुरेसें आहे.

आतां कायद्याची बाजू. जर्मनींत कोणाचा चेहरा त्याच्या संमतीवांचून प्रसिद्ध करतां येत नाहीं, या नियमामागें एक इतिहास आहे. जर्मनीचा मुत्सद्दी बिस्मार्क १८९८ च्या जुलै अखेरीस हँबुर्गजवळच्या फ्रीडरिक्सरू येथील आपल्या वाड्यांत वारला. त्याच रात्रीं दोन छायाचित्रकार चोरपावलांनीं आंत शिरले व त्यांनीं मृत्युशय्येवरील देहाचें छायाचित्र घेऊन तें विकावयास काढलें. कुटुंबानें फिर्याद केली. छायाचित्रकारांना तुरुंग भोगावा लागला. पण त्या निमित्तानें असें लक्षांत आलें कीं माणसाच्या स्वतःच्या चित्रावर त्याचा हक्क आहे असें स्पष्ट सांगणारा कायदाच नाहीं. पुढें १९०७ सालीं तो झाला. त्याचीं मुख्य कलमें आजही लागू आहेत. गर्दी, सभा किंवा मिरवणूक यांचें चित्र घेतांना त्यांत सहज आलेल्या प्रत्येकाची परवानगी लागत नाहीं. पण एकट्यादुकट्याचा चेहरा वेंचून दाखवावयाचा असेल तर लागते. २५ मे २०१८ पासून यांत युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमांची भर पडली. ओळखूं येणाऱ्या माणसाचें चित्र ही त्याची व्यक्तिगत माहितीच होय, असें ते नियम मानतात.

भोसरीच्या कारखानदारानें यांतून काय घ्यावें? स्टॉलच्या दर्शनीं भागीं 'येथें चित्रण चालू आहे, चित्रणाचा उपयोग अमुक कामीं होईल' अशी पाटी इंग्रजी व जर्मन भाषांत लावावी. ज्याची मुलाखत घ्यावयाची त्याची लेखी संमति चार ओळींच्या कागदावर तेथेंच घ्यावी. सही मागाहून घेऊं म्हटलें कीं तो गृहस्थ पुन्हां सांपडत नाहीं. ज्यांना चित्रांत येणें नको असेल त्यांना निराळ्या रंगाची फीत गळ्यांत देण्याची पद्धत पुष्कळ सभांत आहे. ती चांगली आहे. चित्रणकाराला लांबूनच समजतें. शेजारच्या स्टॉलवरचें यंत्र मात्र त्याच्या मालकाला विचारल्यावांचून टिपूं नये. मोठ्या प्रदर्शनांच्या नियमांत याविषयीं सामान्यतः स्पष्ट मनाई असते, आणि तेथें यंत्राचें चित्र घेणें म्हणजे पुष्कळदां कल्पना चोरण्याची पहिली पायरी समजली जाते.

स्थळांचेही हक्क असतात. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत धंद्यासाठीं चित्रण करावयाचें तर लेखी परवानगी लागते. पॅरिसचा आयफेल मनोरा दिवसा टिपण्यास कोणाची हरकत नाहीं, कारण आयफेल १९२३ सालीं वारला व त्याच्या रचनेवरील हक्काची मुदत संपली; पण रात्रीं त्यावर जी दिव्यांची आरास दिसते ती १९८५ ची, तिच्यावरचा हक्क अजून जिवंत आहे, आणि जाहिरातींत ती वापरावयाची तर मनोऱ्याच्या व्यवस्थापकांची परवानगी लागते. संयुक्त अरब अमिरातींत दुसऱ्याचें चित्र त्याच्या संमतीवांचून घेणें हा २०२१ च्या कायद्यान्वयें गुन्हा ठरूं शकतो. तेथें थट्टेनेंही कॅमेरा परक्या कुटुंबाकडे वळवूं नये. ड्रोनविषयीं एवढेंच कीं, युरोपीय संघांत कॅमेरा बसविलेला ड्रोन २५० ग्रॅमपेक्षां हलका असला तरी तो चालविणाराची नोंदणी लागते, व नेहमींच्या वर्गांत १२० मीटरपेक्षां उंच जातां येत नाहीं. शहरांत याशिवाय स्थानिक बंदी असतेच. कारखानदाराला छपरावरून उडणारा पंप दाखवावयाचा नसेल तर ड्रोनचा हट्ट सोडून द्यावा!

सर्वांत अधिक घोंटाळा होतो तो मालकीचा. भारतीय माणसाची समजूत अशी कीं पैसे दिले म्हणजे चित्रण आपलें झालें. आपल्या देशांत ही समजूत बरीचशी बरोबरही आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें, मोबदला देऊन एखाद्यानें चित्रपट करवून घेतला आणि उलट करार नसला, तर करवून घेणारा त्याचा पहिला मालक ठरतो. इंग्लंडांत तसें नाहीं. तेथील १९८८ च्या कायद्यांत करवून घेणाराला आपोआप मालकी मिळत नाहीं. ती लेखी कराराने घ्यावी लागते. जर्मनींतील विचार तर अगदीं निराळा. तेथें निर्मात्याचा मूळ हक्क, बापाचें मुलाशीं नातें असावें तसा, त्याच्यापासून तोडतांच येत नाहीं; तो विकतां येत नाहीं, वारशानें मात्र जातो. दुसऱ्याला मिळतो तो वापरण्याचा हक्क. आणि तो हक्क कशाकशासाठीं दिला हें करारांत स्पष्ट लिहिलें नसेल, तर करार ज्या हेतूनें झाला त्या हेतूपुरताच तो दिला असें धरतात.

याचा परिणाम असा होऊं शकतो. कारखानदारानें तोंडी सांगितलें, "आमच्या वेबसाइटसाठीं एक लहान फिल्म करा." ती झाली, आवडली. दोन वर्षांनीं तिचाच तुकडा त्यानें दूरचित्रवाणीच्या जाहिरातींत घातला. जर्मन चित्रणकार म्हणाला, हा वापर ठरला नव्हता, निराळा मोबदला द्या. कारखानदाराला ही लबाडी वाटते. चित्रणकाराला आपण रास्त तेंच मागत आहों असें वाटतें. आणि आपापल्या देशाच्या रीतीप्रमाणें पाहिलें तर दोघेही प्रामाणिक असतात. म्हणून वापर कोणत्या देशांत, किती वर्षें, कोणकोणत्या माध्यमांत, फेरफार करून चालेल कीं नाहीं, हें सर्व आधीं लिहून ठेवावें. न कापलेलें कच्चें चित्रण मिळणार कीं नाहीं हेंही लिहावें; तें आपोआप मिळतें असें मुळींच नाहीं, पुष्कळ चित्रणकार त्याचे निराळे पैसे घेतात. शिवाय चित्रणकार स्वतःच्या झलकेंत हें काम दाखविणार. त्यांत वावगें नाहीं, पण बाजारांत यावयाच्या नव्या यंत्राचा भाग अमुक तारखेपूर्वीं दाखवूं नये अशी अट घालतां येते.

गाण्यांचें प्रकरण याच जातीचें. उत्तर अमेरिकेंतील बृहन्महाराष्ट्र मंडळाचीं अधिवेशनें सामान्यतः दर दोन वर्षांनीं भरतात. त्यांत नाटक असतें, सुगम संगीत असतें, लोक हौसेनें नाचतात. गायकाला व्यासपीठावर गाण्याची परवानगी असली, म्हणजे तें गाणें चित्रित करून जगभर प्रसिद्ध करण्याचीही परवानगी मिळाली असें होत नाहीं. मागें वाजलेली मूळ ध्वनिमुद्रिका यंत्रानें ओळखली जाते व यूट्यूबवर तो तुकडा अडवला जातो, किंवा त्याचें उत्पन्न दुसऱ्याकडे जातें. तीन दिवसांची मेहनत अशा रीतीनें मुकी होण्यापेक्षां, कोणतीं गाणीं बाहेर प्रसिद्ध व्हावयाचीं व कोणतीं केवळ सभासदांच्या आठवणीसाठीं ठेवावयाचीं, हें कार्यकारी मंडळानें अगोदर ठरविलेलें बरें.

पैशांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. दर दिवसाचा असतो. पण दिवस आठ तासांचा कीं दहा, हें विचारलेंच पाहिजे, कारण रात्रीचें भोजन व सत्कार हे नेहमीं दहाव्या तासानंतर येतात. जाण्यायेण्याचा खर्च, मदतनीस, संकलन व त्यांतील दुरुस्त्यांच्या फेऱ्या यांचे आंकडे वेगवेगळे घ्यावे. कार्यक्रम रद्द झाला तर विसार परत मिळणार कीं बुडणार, आणि चित्रणकार आजारी पडला तर बदली माणूस कोण देणार, या दोन गोष्टी लेखी असाव्या. परदेशीं रक्कम धाडतांना उगमस्थानीं करकपातीचा व वस्तु-सेवा कराचा प्रश्न निघतो. तो रक्कम धाडण्यापूर्वींच सनदी लेखापालापुढें ठेवावा, मागाहून नव्हे.

कामाच्या आदल्या दिवशीं चित्रणकाराला दालन दाखवावें व त्याला एक कागद द्यावा. त्यावर कोण कोण यावयाचे त्यांचीं नांवें व छायाचित्रें, चुकतां कामा नयेत असे चार क्षण, आणि त्यांच्या वेळा. अशा कागदावर चाळीस गोष्टी लिहिल्या तर त्यांतील एकही धड होत नाहीं. सावेदादांपुढें असा कागद नव्हता, हें खरें. पण कोण कोण येणार हें त्यांना आधींच ठाऊक असणार. परक्या शहरांतल्या चित्रणकाराला चेअरमन कोण आणि चेअरमनसाहेबांचे मेहुणे कोण हें कोणी सांगितलें नाहीं, तर अधिक रुबाबदार दिसणारा जो असेल त्याच्यावरच कॅमेरा खिळतो.

शेवटच्या दिवशीं स्टॉल मोडतांना मोठी धांदल असते, आणि नेमक्या त्याच वेळीं चित्रणाचीं कार्डें हरवतात. म्हणून रोज संध्याकाळीं त्या दिवसाचें चित्रण दोन निराळ्या डिस्कवर उतरवून घ्यावें. एक डिस्क एकाच्या हातांतील सामानांत, दुसरी दुसऱ्याच्या, आणि शक्य असेल तर ते दोघे निराळ्या विमानांनीं परतावे. चित्रणकारानेंही आपल्याकडे एक प्रत ठेवावी. पुण्यांत डिस्क उघडून चित्र व आवाज दोन्ही ठीक असल्याचा निरोप जाईपर्यंत कार्डें पुसूं नयेत, असें करारांतच लिहावें. तसा निरोप गेला, कीं त्याच दिवशीं त्याची उरलेली रक्कम पाठवून द्यावी.